सुनंदाची जागा

आमच्या घरात माझी उंची कधी कोणी मोजली नाही. धाकट्या भावाची मोजायचे. दर पोळ्याला त्याला दाराच्या चौकटीशी उभं करून कोळशानं रेघ ओढायची, आणि नवी रेघ जुनीच्या किती वर गेली याचं कौतुक संध्याकाळपर्यंत पुरायचं. मी जवळ गेले की माय कोळसा चुलीत टाकून द्यायची. "तुही कायले मोजाची? साऱ्या गावाले दिसून राहिली ना," म्हणायची. ती रागानं म्हणत नसे, काळजीनं म्हणायची, आणि म्हणूनच ते जास्त लागायचं. दहावीत मी मायच्या वर गेले आणि कॉलेजात जाईपर्यंत बाबांच्याही. आमच्या घराची दारं ठेंगणी. सैपाकघरात जाताना वाकायचं, बाहेर येताना वाकायचं, आणि रस्त्यानं चालताना तर मुद्दाम वाकायचं, कारण माय मागून हळूच सांगायची, "जराशी वाकून चालत जाय माय, लोक पायते." ते वाकणं अंगात मुरलं. आजही फोटोत माझी मान पुढे आलेली दिसते. परवा मानेच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे गेले, तर त्या पोरीनं विचारलं, "आजी, तुम्ही आयुष्यभर खाली मान घालून काम केलंय का?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते.

घर तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाला लागून होतं. पावसाळ्यात सांडव्याचा आवाज दिवसरात्र यायचा, इतका की तो थांबला की झोप मोडायची. धानाचं शेत थोडं, त्यात धान निघाल्यावर लाखोळीची डाळ. तलावातले शिंगाडे, कधी मासळी. माय चुलीवर तांदळाची भाकर टाकायची आणि तव्यावरून ती सरळ आमच्या ताटात यायची. खायला कमी नव्हतं आणि प्रेमालाही कमी नव्हतं. फक्त एका गोष्टीविषयी घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे, आणि ती गोष्ट घरात सगळ्यांत वर दिसायची.

बारावी झाल्यावर मला बघायला पाहुणे आले. मायनं ते यायच्या आधीच मला सतरंजीवर बसवून ठेवलं आणि बजावलं, "ते उठून जायेपर्यंत उठाचं नाही. चहा काकू देईन." पहाटेपासून सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, आणि लाखोळीच्या डाळीचे वडे तळणं चाललं होतं, साऱ्या घरात तेलाचा वास भरलेला. पाहुण्यांनी माझं शिक्षण विचारलं, सैपाक येतो का विचारलं, सगळं ठीक चाललं होतं. मग मुलाच्या आत्यानं वड्याचा तुकडा मोडत म्हटलं, "पोरगी जागची हालून नाही राहिली. पायात काई दोष गिष आहे का?" माय म्हणाली, "नाही बाप्पा, असं कसं." "मंग उठ ना माय, चालून दाखव." मी मायकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले. मी उठले. उठताना मला वाटत होतं की हे उठणं संपतच नाही. मुलगा खाली बसलेला होता, त्यानं वर पाहिलं, आणखी वर पाहिलं, आणि मग आपल्या कपाकडे पाहिलं. कोणी वाईट बोललं नाही. चहा संपवून ते गेले. उरलेले वडे आम्ही दुसऱ्या दिवशीही खाल्ले. बाबा म्हणाले, "मस्त झाले वडे," आणि माय रडायला लागली.

म्हणून मी कॉलेजात गेले, हे खरं कारण. शिकायची मोठी हौस होती असं नाही. स्थळ जमेपर्यंत पोरगी घरात उभी दिसू नये, म्हणून मला रोज साकोलीच्या एस्टीत बसवून देऊ लागले.

प्रवेशाच्या रांगेतच खेळाच्या राऊत सरांनी मला पाहिलं. पोरींच्या रांगेत एकच डोकं वर होतं, ते पाहायला फार नजर लागत नव्हती. ते जवळ आले आणि म्हणाले, "वाकून काय उभी राहतेस? सरळ हो." मला वाटलं काही चुकलं. मी सरळ झाले. सर दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "वा!" माझ्या उंचीवर कोणी वा म्हणेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी परत वाकले.

त्याच आठवड्यात सर स्कूटर घेऊन आमच्या घरी आले. ओट्यावर बसून त्यांनी बाबांना बास्केटबॉल समजावून सांगितला. बाबांना त्यातलं फक्त एक वाक्य कळलं: "तुमच्या पोरीची उंची लाखात एक आहे." पुढे वर्षभर बाबा ते वाक्य गावात सांगत फिरत होते. धानाचे पैसे घ्यायला, चुकाऱ्याला गेले तरी सांगायचे, पानठेल्यावरही सांगायचे. मायला खेळ पसंत नव्हता, पण ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं खाली पाहावं लागलं तिच्यासाठी बाबांची मान वर झालेली तिनं पाहिली आणि ती गप्प बसली. मला मात्र बाबा ते सांगायला लागले की जमिनीत जावंसं वाटायचं. लोक ऐकून घेत आणि मग माझ्याकडे पाहून हसत. बाबांना ते हसणं कौतुकाचं वाटायचं.

सुनंदा मला कॉलेजच्या मुरमाच्या मैदानावर भेटली. ती लाखनीची. तिच्या वडिलांचं हायवेवर टायर-पंक्चरचं दुकान होतं आणि ती ट्रकांच्या मधून वाढलेली, त्यामुळे तिला कशाचीच भीती नव्हती. उंचीनं माझ्या खांद्याच्याही खाली. पण चेंडू तिच्या हातात आला की मैदानाचा आवाज बदलायचा. आम्ही बाकीच्या चेंडू आपटायचो तेव्हा तो धप धप वाजायचा, कधी पायावर पडून भलतीकडे जायचा. तिच्या हाताखाली तो एका लयीत, जवळजवळ जमिनीला चिकटून चालायचा, आणि ती त्याच्याकडे बघतही नसे. ती आमच्याकडे बघायची. कोण कुठे आहे, कोण कुठे जाणार आहे, हे तिला आमच्या आधी कळायचं. पहिल्याच दिवशी तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मी घातलेली भावाची आखूड फुलपँट पाहिली आणि म्हणाली, "पयता येते?"

"नाही."

"टप्पा देता येते?"

"नाही."

"हात वर करता येते?"

मी हात वर केले. ते पाहून ती खुदकन हसली. "बस झालं मंग. तू रिंगखाली उभी राय. हात वर ठेव. बाकीचं मी पायतो." लाखनीची ती पोरगी स्वतःबद्दल पोरांसारखी बोलायची, दुकानावर वाढल्यामुळे असेल.

आमचा सगळा खेळ तेवढाच होता. ती तिघी-चौघींना चुकवत यायची, चेंडू बरोबर माझ्या बोटांवर ठेवायची आणि मी तो रिंगमध्ये सोडायची. गुण माझ्या नावावर लागायचे. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर माझं नाव वर आणि तिचं खाली असायचं. सुनंदाला त्याचं काही वाटत नसे, निदान दाखवत तरी नसे. मला वाटायचं. पण ते कोणाला सांगणार? आपल्या नावाखाली गुण जास्त लागतात अशी तक्रार कोण करतं?

त्या हिवाळ्यात भंडाऱ्याला कॉलेजांचे सामने होते आणि विद्यापीठाच्या संघासाठी मुली निवडायला नागपूरहून दोन साहेब येणार होते. सर आठवडाभर आधीपासून म्हणत होते की आपल्या दोन पोरी पक्क्या आहेत. विद्यापीठाकडून खेळलं की कोट मिळतो, सर्टिफिकेट मिळतं, पुढे नोकरीत खेळाडूंसाठी जागा असते, हे सगळं त्यांनी सुनंदाच्या वडिलांनाही सांगितलं होतं. सुनंदाच्या घरी तिच्या लग्नाचं चाललं होतं. वडील म्हणाले होते की निवड झाली तर लग्न दोन वर्षं थांबवू. हे तिनं मला एस्टीत, खिडकीबाहेर बघत सांगितलं, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट.

सामन्याच्या दिवशी बाबा माझ्याबरोबर निघाले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, आणि हातात पिशवी, त्यात मायनं संघातल्या पोरींसाठी दिलेल्या सुवाऱ्या. मी नको म्हणायचा प्रयत्न केला. "दिवसभर उन्हात बसा लागते बाबा." "तुह्या खेळ कधी पायलाच नाही मी," ते म्हणाले. माझी खरी अडचण मी कशी सांगणार? सरांनी त्या दिवशी सगळ्यांना गणवेश सक्तीचा केला होता, आणि गणवेश म्हणजे हाफपँट. बाबांनी माझे गुडघे मी लहान असतानाच शेवटचे पाहिले असतील. शिट्टी होईपर्यंत मी पायांवर टॉवेल ओढून बसले होते. टॉवेल काढून उठले तेव्हा बाबांनी मैदानाच्या पलीकडच्या झेंड्याच्या खांबाकडे पाहायला सुरुवात केली, आणि कितीतरी वेळ ते त्या खांबाकडेच पाहत राहिले.

सामन्याआधी साहेबांनी सरांना विचारलं, तुमच्या संघातल्या मुख्य खेळाडू कोण? सरांनी मला आणि सुनंदाला पुढे केलं. एक साहेब म्हातारे, शांत, दुसरे गॉगल लावलेले. गॉगलवाल्यांनी मला उंची विचारली.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"माहीत नाही?" ते हसले आणि त्यांनी खिशातून टेप काढली. मला रिंगच्या लोखंडी खांबाशी उभं केलं. सगळ्या संघांच्या पोरी बघत होत्या, बाबा बघत होते. मला आमची सतरंजी आठवली, त्या आत्याचा आवाज आठवला. फरक इतकाच की इथे टेप वर जाईल तसा साहेबांचा चेहरा खुलत होता. "बघा हो," ते दुसऱ्या साहेबांना म्हणाले, "असं झाड भंडाऱ्यात सापडलं." मग सुनंदाची पाळी. तिच्यासाठी त्यांनी टेप काढलीच नाही. लहान मुलाची उंची दाखवतात तसा हात तिच्या डोक्यावर आडवा धरला, हसले आणि कागदाकडे वळले. सुनंदा हनुवटी वर करून तशीच उभी होती. तिनं टाचा किंचित उचलल्या होत्या. हे फक्त मला दिसलं, कारण मी वरून पाहत होते.

सरांनी बाबांसाठी एक लोखंडी खुर्ची मिळवून दिली, ती नेमकी साहेबांच्या शेजारी. मैदानाच्या रेघेला लागूनच होती ती. त्यामुळे पुढे जे झालं ते सगळं मला ऐकू आलं.

पहिल्या अर्ध्या वेळेत ठीक होतं. सुनंदा आणायची, मी टाकायची. मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात, ज्या रिंगमध्ये आधी टाकायचं ती आता राखायची असते. हे मला माहीत होतं. सरांनी परत सांगितलंही होतं. पण खेळ सुरू झाल्यावर एक चेंडू कोणाच्या तरी हाताला लागून उंच उडाला आणि माझ्या हातात पडला. मी रिंगखाली उभी होते, हात वर होते, मला दुसरं काही येतच नव्हतं. मी चेंडू रिंगमध्ये टाकला. इतका सफाईनं मी आधी कधी टाकला नव्हता. जाळीला लागून सुळकन खाली आला.

क्षणभर कोणाला काही कळेना. मग पलीकडचा संघ ओरडला आणि हसला, आणि त्या हसण्यात एकाच माणसाच्या टाळ्या वाजत होत्या. बाबा उभे राहिले होते. टोपी मागे सरकलेली, चेहरा असा उजळलेला की भावाच्या पोळ्याच्या रेघेलाही तो कधी तसा झाला नव्हता. ते दोन्ही हात उंच करून टाळ्या वाजवत होते आणि आजूबाजूला बघत होते, की बाकीचे का वाजवत नाहीत.

गॉगलवाले साहेब हसत म्हणाले, "अहो काका, टाळ्या काय वाजवताय? तिनं स्वतःच्याच संघावर टाकला तो. गुण समोरच्यांना गेले."

"असं काय?" बाबा म्हणाले. ते खाली बसले. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. मग त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिले.

मी किती लाजले ते आज लिहिताना शब्दात धरता येत नाही. माझ्या चुकीची लाज एक, आणि ती फार मोठी नव्हती. चूक कोणाचीही होते. पण बाबांचे ते मांड्यांखाली गेलेले हात! मला वाटलं, मी इतकी उंच नसते तर हा माणूस आज शेतात असता, आणि त्याच्यावर कोणी हसलं नसतं. सुनंदा माझ्याजवळून पळत गेली. "मान वर कर," ती दात आवळून म्हणाली. "झालं ते झालं. रिंग तिकडं आहे आता." त्यानंतर ती जे खेळली ते मी पुढे कुठेही पाहिलं नाही, विद्यापीठातही नाही. माझ्याकडे चेंडू द्यायचं तिनं सोडलं. पाचही जणी तिच्या अंगावर जायच्या आणि ती त्यांच्यामधून निघून यायची, लांबून टाकायची, पडायची, कोपर खरचटलेलं, मुरूम चिकटलेला, परत उठायची. आम्ही जिंकलो. म्हणजे ती जिंकली, आणि आम्ही चौघी तिच्यासोबत मैदानावर होतो.

दुपारनंतर साहेबांनी नावं वाचली. आमच्या कॉलेजमधून एकच नाव होतं. माझं.

सरांना वाटलं, सुनंदाचं वाचायचं राहिलं. ते टेबलाशी गेले. म्हातारे साहेब कागदाकडे बघत राहिले. गॉगलवाले म्हणाले, "राऊत, खेळ शिकवता येतो. उंची कुठून आणायची? ती लहान मुलगी छान आहे, पण मोठ्या संघांपुढे तिचं काय होणार?" ती लहान मुलगी तिथंच, हाताच्या अंतरावर बसून बुटाची नाडी सोडत होती.

बाबांनी माझं नाव ऐकलं होतं. पण या वेळी त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात मांड्यांवर ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाजवायच्या का, असं ते मला डोळ्यांनी विचारत होते. साठीला आलेला माझा बाप, भरल्या मैदानात, टाळी वाजवायची परवानगी पोरीकडे मागत होता. मला म्हणायचं होतं की साहेब, हे बरोबर नाही. शब्द ओठावर होते. पण बाबांच्या त्या नजरेपुढे मी नाही म्हणून मान कशी हलवणार? मी होकाराची मान हलवली. बाबा उठले आणि टाळ्या वाजवू लागले, आधी हळू, मग जोरात. पुन्हा एकटेच. आमच्या संघातल्या पोरी सुनंदाकडे बघत होत्या. सुनंदानं नाडीवरून नजर न उचलता म्हटलं, "वाजवा ना वं. काय पाहून राहिल्या?" मग सगळ्यांनी वाजवल्या.

परतीच्या एस्टीत बाबांनी कंडक्टरला सांगितलं, शेजारच्याला सांगितलं. साकोली जवळ आल्यावर मला विचारलं, "थे बुटकी पोरगी लय पयत होती. थे कशी राहिली मांगं?"

"तिची उंची कमी आहे बाबा."

बाबांनी थोडा विचार केला आणि समाधानानं म्हणाले, "मंग तुही उंची कामी आली म्हणाची." मी खिडकीकडे तोंड केलं. सुवाऱ्यांची पिशवी तशीच माझ्या मांडीवर होती, द्यायची राहून गेली होती.

गावात हार घातले. ग्रामपंचायतीसमोर मला खुर्चीवर बसवलं आणि बाबांना माझ्याजवळ उभं केलं. मायनं पहिल्यांदाच मला सांगितलं, "सरळ बस." सुनंदा कॉलेजात यायची बंद झाली होती. मला वाटलं, आता ती कधी माझं तोंड पाहणार नाही, आणि त्यात मला सुटका वाटली, हेही लिहायला हवं.

पण नागपूरच्या शिबिराला जायच्या आधीच्या आठवड्यात ती आमच्या दारात उभी राहिली. काखेत कॉलेजचा चेंडू, सरांकडून मागून आणलेला. "चाल," ती म्हणाली.

"कुठं?"

"कुठं म्हणजे? तिथं जाऊन हात वर करून उभी राहशीन काय? दोन दिवसात वापस पाठवतीन तुले."

धान निघून गेलं होतं, खळं रिकामं होतं, शेणानं सारवलेलं, घट्ट. तिथं ती मला शिकवायला लागली. सकाळच्या एस्टीनं यायची, संध्याकाळच्या एस्टीनं जायची. टप्पा, पळणं, वळणं, पाय कसे ठेवायचे. चेंडू इतक्या जोरात छातीवर फेकायची की मला खोकला यायचा. चुकलं की शिव्या द्यायची, ट्रकवाल्यांच्या शिव्या, ज्या ऐकून माय घरात निघून जायची. एकदा मी न राहवून विचारलं, "राग येऊन राहिला काय तुले माह्या?"

तिनं चेंडू पायाखाली दाबून धरला. "तुह्या नाही येत. त्या माणसाचा येते. पण थो नागपूरले गेला ना. तू समोर आहेस."

दुपारी ती आमच्याबरोबर जेवायची. मायला ती फार आवडली. तिच्या पाठीवरून हात फिरवत माय एकदा म्हणाली, "कशी बेताची पोरगी आहे पाय. हिले तं कोणीबी मांगून नेईन." माय चांगल्या मनानं बोलली होती. सुनंदा भाताकडे पाहत म्हणाली, "नेऊन राहिले ना काकू. फागुनात आहे लग्न." मी ताटावरून उठले. हात धुवायचं निमित्त केलं.

शिबिरात मी टिकले. दोन सामन्यांत मला थोडा थोडा वेळ खेळवलं, बाकी वेळ मी बाकावर बसून होते. लाजिरवाणं काही झालं नाही, सुनंदानं त्याची सोय करून ठेवली होती. कोट मिळाला, सर्टिफिकेट मिळालं, आणि त्या सर्टिफिकेटवर भंडाऱ्याच्या एका सरकारी कचेरीत खेळाडूंच्या जागेवर मला नोकरी लागली. त्या पगारावर माझा भाऊ शिकला, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नोकरीवाली म्हणून पुढे मला स्थळही मिळालं, माझ्या कानाएवढ्या उंचीचं, भलं माणूस. आयुष्य चांगलं गेलं. पण कचेरीत कोणी नव्या साहेबाला माझी ओळख करून देताना "आमच्या मॅडम विद्यापीठाकडून खेळलेल्या आहेत" म्हणालं, की मी टेबलावरचा एखादा कागद शोधायला लागायची. लोकांना वाटायचं, किती साधी बाई आहे.

सुनंदा लग्न होऊन लाखांदूरकडच्या एका गावात गेली. धानाची शेती, तीन मुलं. लग्नाला मी गेले होते. नंतर कधी लग्नकार्यात, कधी बाजारात भेट व्हायची. आम्ही मुलांविषयी बोलायचो, धानाच्या रोवण्याविषयी बोलायचो, सासूंविषयी तर फारच. त्या दिवसाविषयी कधीच नाही. बाबा जाताना माझ्या निवडीची गोष्ट शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला सांगून गेले. त्यांना खरं काय होतं ते मी सांगितलं नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. सुनंदाचं मात्र वाटत राहिलं.

मागच्या वर्षी निवृत्त झाल्यावर मी एकदा ठरवून लाखांदूरची एस्टी पकडली. तिचा मुलगा मोटरसायकल घेऊन स्टँडवर आला होता. सुनंदा अंगणात अंबाडीची पानं खुडत बसलेली. गुडघे गेलेत तिचे, उठताना जमिनीला हात लावावा लागतो. केस माझ्यापेक्षा पांढरे. मी तिच्यासमोर पाट घेऊन बसले, दुसरी जुडी ओढली आणि पानं खुडायला लागले. सून घरात होती, नातू मोबाईलवर काही पाहत होता. घरून निघताना मी खूप वाक्यं ठरवली होती. त्यातलं एकच निघालं.

"सुनंदा, थे जागा तुही होती."

कोणती जागा, असं तिनं विचारलं नाही. हातातलं देठ मोडून टोपलीत टाकलं.

"होती," ती म्हणाली.

मी थांबले. पुढे काही येईल असं मला वाटत होतं. "जाऊ दे वं" किंवा "नशीब असते" किंवा "तुही काय चूक त्यात". चाळीसेक वर्षं मी तेच ऐकायला थांबले होते, हे मला त्या अंगणात कळलं, आणि सगळ्यांत जास्त लाज मला तेव्हा वाटली. मी तिला काही द्यायला आले नव्हते. याही वेळी घ्यायलाच आले होते.

तिनं टोपली उचलली, जमिनीला हात लावून उठली. "शेतातल्या बोडीतली मासळी आणली आहे पोरानं. जेवून जाजो."

चुलीजवळ बसून तिनं स्वतः वाढलं, सुनेला वाढू दिलं नाही. माझ्या ताटात माशाचा मधला मोठा तुकडा घातला, स्वतःला शेपटी घेतली. मी तो तुकडा तिच्या ताटात टाकायला हात पुढे केला, तर तिनं माझं मनगट धरलं. पकड अजून तशीच होती.

"खाय," ती म्हणाली.

मी खाल्ला.